कोळ्याच्या घरातली माणसं कुठून आणायची?

अंधेरी पश्चिमेला आराम नगरच्या गल्ल्यांत सकाळपासून पोरापोरींची रीघ असते. इथल्या जुन्या बराकींत आता कास्टिंगवाल्यांची ऑफिसं आहेत, आणि हिंदी सिनेमा-मालिकांतले कितीतरी चेहरे इथूनच पुढे जातात. वेसाव्याचा कोळीवाडा तिथून रिक्षाने अगदी जवळ. तरी पडद्यावरची कोळीण बहुतेक वेळा नाचाच्या वेशातच येते. घट्ट कासोटा, अंगभर दागिने, डोक्यावर पाटी. गाण्यापुरतं ते खपून जातं. तुटपुंज्या पैशात काढलेल्या कौटुंबिक सिनेमात मात्र प्रेक्षक दोन तास त्या घरात बसणार असतो. तिथे मायलेकांचे नाकडोळे जुळले नाहीत तरी चालेल, एकमेकांवर खेकसण्याची पट्टी जुळायला हवी.

त्यात कोळी म्हणजे एकच ठसा नव्हे. गोराई-मनोरीचं ख्रिस्ती कोळ्याचं घर वेगळं, वेसाव्याचं सोनकोळ्याचं वेगळं. बोलीही वेगळी. नट कुठल्या कोळीवाड्यातला, हे विचारल्याशिवाय निवड करणं म्हणजे कोल्हापूरच्या कथेत नागपूरची बोली घुसडणं.

मुख्य अडचण आईच्या भूमिकेची. कोळ्याच्या घरात पुरुष दर्यावर जातो, पण म्हावरं विकते बाई आणि रोकड राहते तिच्या कनवटीला. बोटीच्या डिझेलपासून मुलीच्या लग्नापर्यंतचा हिशेब तिच्या डोक्यात. म्हणजे कौटुंबिक नाट्याचा कणा तीच. आणि ऑडिशनला येणं सगळ्यात अवघड तिलाच. पहाटे बंदरावर माल घ्यायचा, मग बाजार, मग घर. फोनवर स्वतःचा व्हिडिओ काढून पाठवायला तिला फुरसत कुठली?

म्हणून बरेच दिग्दर्शक आईसाठी नावाजलेली नटी घेतात आणि अवतीभवती कोळीवाड्यातली माणसं उभी करतात. मला हे उलटं वाटतं. शिकलेला नट घ्यायचाच तर अंधेरीत नोकरी करणाऱ्या, जाळ्याला हात न लावलेल्या मुलाच्या भूमिकेसाठी घ्यावा. त्याचा अवघडलेपणा कथेतच शोभतो. आई मात्र कोळीवाड्यातलीच हवी. तिला संवाद वाचायला लावू नका, बोंबील वाळत घालायला सांगा. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची, आणि हे करताना शेजारणीशी भांडणही चालू ठेवायचं. ज्या बाईचे हात तोंडाची वाट बघत नाहीत, तिची निवड झाली म्हणून समजा. अभिनयाचं म्हणाल तर जिथून ‘वेसावकर आणि मंडळी’ हा कोळीगीतांचा संच निघाला, त्या गावाला लोकांसमोर उभं राहायचं शिकवावं लागत नाही.

असे प्रयोग जुने आहेत. लुकिनो व्हिस्कोंतीने 1948 साली ‘ला तेरा त्रेमा’मध्ये सिसिलीतल्या आची त्रेत्सा गावच्या खऱ्या मच्छीमारांना घेतलं. ते आपल्याच बोलीत बोलले आणि इतर इटालियन प्रेक्षकांसाठी निवेदन जोडावं लागलं. माल्टाच्या ‘लुत्सू’ या सिनेमातला नायक खरोखरचा मच्छीमार. त्या जेस्मार्क शिक्लुनाला 2021 साली सनडान्स महोत्सवात अभिनयाचं खास पारितोषिक मिळालं. आपल्याकडे ‘फँड्री’त किशोर कदम, छाया कदम यांच्यासारख्या मुरलेल्या नटांसमोर सोमनाथ अवघडे हा नवखा पोरगा उभा राहिला, आणि जोड कुठे दिसली नाही. मुंबईच्या कोळ्यांवरचा सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ हा माहितीपट आहे, पण कास्टिंग करणाऱ्याने आधी तो पाहावा. राकेश आणि गणेश या दोन मित्रांच्या घरांतले ताण त्यात आहेत.

पंचांग मात्र दर्याचं पाळावं लागतं. डोल जाळ्याची मासेमारी भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. उधाणात माणसं बोटीवर, भांगाच्या, म्हणजे ओढ कमी असण्याच्या दिवसांत थोडी मोकळी. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा खलाशी गावाला जातात, नाखवा म्हणजे बोटीचा मालक जाळी दुरुस्त करतो. तालमी आणि घरातले प्रसंग तेव्हा उरकता येतात. बोटीवरच्या प्रसंगांना नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायचं. निर्मात्याला हे पटवणं ही खरी ऑडिशन.

राहिला पैसा. ‘सलाम बॉम्बे!’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला शफीक सय्यद पुढे बंगळुरूत रिक्षा चालवत होता, ही गोष्ट सिनेमावाल्यांनी विसरू नये. मासळीवालीचं नुकसान तर चित्रीकरणाच्या पहिल्याच आठवड्यात सुरू होतं. बाजारात तिची जागा रिकामी दिसली की रोजची गिऱ्हाइकं शेजारच्या पाटीकडे वळतात, आणि एकदा वळली की परत आणताना नाकी नऊ येतात. तेव्हा तिच्या मेहनतान्याबरोबर तेवढे दिवस तिच्या जागेवर बसणाऱ्या सुनेचा किंवा भावजयीचा रोजही अंदाजपत्रकात धरावा, आणि तो आगाऊ द्यावा.