मुंबईचा खटपट्या आणि सातासमुद्रापारची वाट

आमच्या भंडारा जिल्ह्यात कोणत्याही मोहल्ल्यात जा, एक तरी मुलगा असा भेटतोच ज्याच्यापुढे उघडलेला पंखा, नाहीतर पाठीचं झाकण काढलेला मोबाइल पडलेला असतो. अम्मी म्हणते, "चांगला चालू होता, कशाला खोललास?" अब्बांचं म्हणणं ठरलेलं असतं, "त्यापेक्षा पुस्तक उघडलं असतंस तर." मुलगा मान खाली घालतो आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचा मिक्सर घेऊन बसतो. आता मुलीही मागे नाहीत. जुन्या खेळण्यातली मोटर काढून पुठ्ठ्याचा पंखा फिरवणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत.

मराठीत अशा माणसाला 'खटपट्या' म्हणतात. या शब्दात थोडं कौतुक असतं आणि थोडी काळजी. काळजी वाजवी आहे. या खटपटीचं पुढे काय होणार, हे घरातल्या कोणालाच माहीत नसतं. म्हणून आम्ही या अंकासाठी एका मराठी खटपट्याचं आयुष्य निवडलं आहे. तो मुंबईचा होता. लंडनला गेला, रिकाम्या हाताने परत आला, पुन्हा गेला आणि शेवटी न्यूयॉर्कला स्थायिक झाला. त्याचं नाव शंकर आबाजी भिसे. अमेरिकन वर्तमानपत्रांनी त्यांना 'भारताचा एडिसन' म्हटलं. आज आपल्या मुलांना एडिसन माहीत आहे, भिसे माहीत नाहीत.

मासिक हाच उस्ताद

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. त्या काळात यंत्रविद्येत रस असलेल्या मुलाला घरबसल्या शिकण्याची सोय फारच थोडी होती. भिसे यांच्या हाती 'सायंटिफिक अमेरिकन' हे मासिक पडलं. अमेरिकेत १८४५ साली सुरू झालेल्या या मासिकात नवनव्या यंत्रांची चित्रं आणि वर्णनं येत. यंत्रविद्येचं आपलं शिक्षण या मासिकाच्या पानांतून झालं, असं ते पुढे अमेरिकेत सांगत. आज मुलं मोबाइलवर व्हिडिओ पाहून दुरुस्ती शिकतात, तोच हा प्रकार. फरक एवढाच की भिसे यांना पुढच्या अंकासाठी बोटीची वाट पाहावी लागे.

लहानपणीच वस्तू खोलून पुन्हा जोडण्याचा नाद लागला. विशीत त्यांनी केलेल्या गोष्टी पाहिल्या तर त्या सगळ्या रोजच्या जगण्यातल्या आहेत. कोणी गुपचूप उघडून भेसळ करू नये अशी बाटली, सायकलला जोडायची विजेची साधनं, लोकलच्या प्रवाशाला पुढचं स्टेशन कोणतं ते दाखवणारा फलक. आज मुंबईच्या लोकलच्या डब्यात पुढच्या स्थानकाचं नाव उजळतं, तेव्हा ही अडचण सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी तरुणाला खटकली होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आणि अडचण खटकणं हीच अशा छंदाची पहिली पायरी असते.

काट्याने उघडलेलं दार

१८९०च्या दशकाच्या अखेरीस एका इंग्रजी मासिकाने स्पर्धा जाहीर केली. किराणा माल आपोआप तोलून देणारं यंत्र कोणी करून दाखवेल का? आपल्याकडच्या राइस मिलमध्ये आज ठरावीक वजनाचं पोतं आपोआप भरून काटा थांबतो. त्या काळी दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला साखर, पीठ हाताने तोलून देत असे. भिसे यांनी एका रात्री झोप लागेना म्हणून यंत्राचा आराखडा कागदावर काढला, असं सांगतात. इंग्लंडच्या सगळ्या स्पर्धकांना मागे टाकून पहिलं बक्षीस मुंबईच्या या तरुणाला मिळालं.

पुढचा भाग आमच्या मते अधिक महत्त्वाचा आहे. बक्षिसाची बातमी आली तेव्हा मुंबईच्या प्रतिष्ठित मंडळींनी त्यांच्या लंडन प्रवासासाठी पैसे जमवण्यास मदत केली. काँग्रेसचे चिटणीस दिनशा वाच्छा यांनी त्यांना ओळखपत्र लिहून दिलं. ते पत्र होतं दादाभाई नौरोजींच्या नावे. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेलेले हे भारतीय नेते तेव्हा सत्तरी ओलांडून गेले होते. त्यांनी या तरुणाची पाठराखण केली आणि त्याच्या शोधांसाठी स्वतःचे पैसेही घातले.

म्हणजे मराठी हिंदू घरातला मुलगा, आणि त्याच्या पाठीशी उभे राहिले दोन पारशी बुजुर्ग. हुनर कोणाच्या घरातलं आहे, हे त्यांनी पाहिलं नाही. भिसे परदेशी निघाले तेव्हा त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक, स्पर्धेत पारखलेलं काम आणि दुसरी, त्यांच्याविषयी शब्द टाकणारी माणसं.

लंडनमधली वर्षं

उत्तर लंडनमध्ये भिसे यांनी आपली कार्यशाळा मांडली आणि एकामागून एक कामं हाती घेतली. जाहिरातीसाठी विजेवर चालणारा फलक केला, तो क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांनी पाहिला. स्वयंपाकघरातली साधनं केली, टेलिफोनमध्ये सुधारणा केली, डोकेदुखीवर औषध केलं, आपोआप पाणी सोडणारी संडासाची टाकीही केली. सगळंच खपलं नाही, काही कागदावरच राहिलं.

त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग मात्र एकाच यंत्राने व्यापला, छापखान्यासाठी अक्षरं ओतणारं यंत्र. त्याला नाव पडलं 'भिसोटाइप'. भंडाऱ्यात पितळेचं काम पाहिलेल्यांना ते समजायला अवघड नाही. आपल्याकडे धातू वितळवून साच्यात ओततात आणि भांडं तयार होतं. छापखान्यात शिसं, कथील आणि अँटिमनी यांचं मिश्रण वितळवून छोट्या साच्यात ओतत आणि एकेक अक्षराचा खिळा बाहेर पडत असे. असे हजारो खिळे जुळवले की वर्तमानपत्राचं एक पान होई. वर्तमानपत्रं वाढत होती आणि खिळे लवकर मिळणं ही सगळ्या छापखान्यांची गरज होती. त्या वेळच्या यंत्रांपेक्षा कितीतरी वेगाने अक्षरं ओतेल असं यंत्र भिसे यांनी आखलं.

पण कागदावरचं यंत्र लोखंडात उतरवायला पैसा लागतो. दादाभाईंच्या ओळखीने हेन्री हिंडमन या इंग्रज समाजवादी नेत्याने भांडवल उभं करण्याची जबाबदारी घेतली. भांडवल काही उभं राहिलं नाही. १९०७च्या अखेरीस आशा संपली आणि १९०८ साली भिसे मुंबईला परतले. परदेशातून रिकाम्या हाताने परतणाऱ्या माणसाला गल्लीत काय काय ऐकावं लागतं, हे आखातातून परत आलेल्या आपल्या भावांना सांगायला नको.

दुसरी संधी

इथेही एका माणसाची भेट कामी आली. परतीच्या काळात गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा परिचय झाला. गोखल्यांना यंत्राचं महत्त्व पटलं आणि त्यांनी जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांच्याकडे शब्द टाकला. टाटांनी भांडवल दिलं. १९१०च्या सुमारास भिसे पुन्हा लंडनमध्ये होते. या वेळी त्यांच्या यंत्रामागे टाटांचं नाव होतं.

तरीही गाडी पुन्हा अडली. यंत्र धंद्यात उतरण्याआधीच १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. टाटांचा आधारही पुढे राहिला नाही. १९१८ साली त्यांचं निधन झालं. भिसे यांनी युद्धाच्या काळातच अमेरिका गाठली. तिथेही त्यांनी अक्षरं ओतण्याच्या यंत्राचा पिच्छा सोडला नाही.

आर्थिक हात मात्र त्यांना दिला वेगळ्याच गोष्टीने. आयोडीनपासून त्यांनी एक द्रव औषध तयार केलं. ते आधी 'बेसलीन' आणि नंतर 'अ‍ॅटोमिडीन' या नावाने विकलं गेलं. ज्या यंत्रासाठी आयुष्य खर्च झालं ते मागे राहिलं आणि बाजूला केलेल्या कामाने घर चाललं. त्यांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि ४०च्या आसपास पेटंटं होती, असं सांगितलं जातं. डिसेंबर १९३०मध्ये थॉमस एडिसन यांच्याशी त्यांची भेट झाली. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जगाचा निरोप घेतला.

आपल्या घरांसाठी

भिसे यांचं आयुष्य वाचल्यावर आम्हाला वाटतं की त्यांचा हात कुठेच कमी पडला नाही. कमी पडलं ते भांडवल आणि वेळ. पहिल्या वेळी पैसा उभा करणाऱ्याचा शब्द फळाला आला नाही, दुसऱ्या वेळी युद्ध आडवं आलं. म्हणून ज्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे त्या घराने तिच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेण्यापेक्षा बाकीच्या गोष्टी सांभाळाव्यात. त्या कोणत्या, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, वही. काय केलं, कोणत्या तारखेला केलं, काय बिघडलं, हे चित्रासह लिहायला लावा. विजेच्या मुख्य तारेवर काम करायचं असेल तेव्हा मोठं माणूस जवळ हवं. सुरुवात बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंपासून करावी.

दुसरी गोष्ट, शाळा. केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून २०१६ पासून देशभरातल्या निवडक शाळांत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अटल टिंकरिंग लॅब उघडल्या आहेत. तिथे थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, छोटे संगणक बोर्ड हाताळायला मिळतात. शाळांमार्फत 'इन्स्पायर-मानक' योजनेत मुलांच्या कल्पना पाठवता येतात. निवड झालेल्या मुलाला नमुना बनवण्यासाठी १०,००० रुपये मिळतात. आपल्या मुलाच्या शाळेत ही लॅब आहे का, यंदा कोणाची कल्पना पाठवली, हे पालकांनी मुख्याध्यापकांना जाऊन विचारावं. विचारणाऱ्या पालकाच्या मुलाचं नाव लक्षात राहतं.

तिसरी गोष्ट, पेटंट. खरोखर नवीन काही तयार झालं असेल तर ते सर्वांना दाखवण्याआधी, व्हिडिओ टाकण्याआधी पेटंटचा अर्ज करावा. आधी उघड केलेल्या गोष्टीचं पेटंट मिळणं अवघड जातं. सुरुवातीला तात्पुरता अर्ज करता येतो आणि संपूर्ण तपशील देण्यासाठी १२ महिने मिळतात. भारतात पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं असते आणि ते भारतापुरतंच लागू होतं. एकट्या व्यक्तीसाठी फी कंपन्यांपेक्षा बरीच कमी आहे.

चौथी गोष्ट, लेखी करार. भागीदार मामा असो की जिगरी दोस्त, कोण किती पैसे घालणार, कधी घालणार, नफा कसा वाटणार आणि पैसे आले नाहीत तर काय, हे कागदावर हवं. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्या घरांत नवी नाही.

पाचवी गोष्ट परदेशी जाणाऱ्यांसाठी. भंडारा, तुमसर, पवनीकडचे आयटीआय झालेले कितीतरी तरुण बाहेरच्या देशात कामाला जाण्याची उमेद बाळगून असतात. नोकरीच्या करारात तुम्ही लावलेला शोध कंपनीचा होईल असं कलम असू शकतं. सही करण्याआधी ते वाचून घ्या. सामानात पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या असतील तर त्या हातातल्या बॅगेत ठेवाव्या लागतात, चेक-इन सामानात चालत नाहीत. ड्रोन, वॉकीटॉकी आणि सॅटेलाइट फोन यांना अनेक देशांत परवानगी लागते किंवा बंदी असते. छंदाची वस्तू म्हणून नेली तरी विमानतळावर अडचण होते, तेव्हा त्या देशाचे नियम आधी पाहावेत.

शेवटचं काम मुलांचं नाही, ते मोहल्ल्यातल्या मोठ्यांचं आहे. वाच्छा यांनी एक पत्र लिहिलं आणि गोखल्यांनी एक शब्द टाकला, म्हणून भिसे यांची वाट दोनदा उघडली. आपल्या ओळखीत कोणी मोटर रिवाइंडिंगवाला, पितळेचा कारागीर, इंजिनिअर भाऊ किंवा विज्ञानाच्या शिक्षिका असतील, तर या सुट्टीत त्या खटपट्या मुलाला त्यांच्याकडे घेऊन जा आणि दोन तास बसू द्या.