चारशे घनफूट

ह्यांनी गाडीत टेप धरली आणि शाळेतल्या पाढ्यांसारखे आकडे म्हणून दाखवले. लांबी बारा फूट, रुंदी साडेपाच, उंची सहाला जरा कमी. मी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. चौतीस वर्षं मुलांकडून घनफळाची गणितं सोडवून घेतली, पण श्वास घेण्यासाठी घनफळ काढायची पाळी कधी आली नव्हती. उत्तर चारशेच्या आत आलं. गोव्यातल्या कोरगावच्या घरातली आमची झोपायची खोली बारा बाय बारा, उंची दहा, म्हणजे चौदाशे चाळीस. गाडीतली हवा खोलीतल्या हवेच्या पावाहून थोडीच जास्त भरली.

"ऐसपैस आहे की," हे म्हणाले.

ही नोव्हेंबर २०२०ची गोष्ट. गाडी ह्यांच्या भाच्याची. डिचोलीत तो पर्यटकांसाठी बारा आसनी गाड्या चालवतो. कोरोनामुळे मार्चपासून गाड्या अंगणात उभ्या आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू. त्याने कुठेतरी परदेशातल्या कॅराव्हॅन बघितल्या आणि एका गाडीतली आसनं काढून तिचं घर करायचं ठरवलं. फळ्यांचा पलंग, खाली सामानाची पेटी, दोन चुलींचा गॅस, वीस लिटरची दोन कॅनं आणि मागच्या कोपऱ्यात पडद्याआड प्लॅस्टिकचा सुटा संडास. असं काही केलं तर आरटीओकडे नोंद करावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. ते सोपस्कार आटोपल्यावर त्याने पहिलं गिऱ्हाईक म्हणून मामा-मामीला बोलावलं. फुकट, अर्थात. आम्ही सांगू त्या सुधारणा तो करणार होता.

माझं वय तेव्हा सहासष्ट, रक्तदाबाची गोळी रोज सकाळी. ह्यांचं एकाहत्तर, मधुमेह बारा वर्षांचा. टाळेबंदीच्या सरकारी सूचनांत पासष्टीच्या पुढच्यांनी दवाखान्याखेरीज घराबाहेर पडू नये असं लिहिलेलं असायचं, म्हणजे आमच्या घरात दोघंही त्या ओळीतले. खाणीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला हा माणूस आठ महिने व्हरांड्यात बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे इंजिनाचे आवाज ओळखत होता. बाहेर पडायला हवं हे मलाही पटत होतं. प्रश्न कुठे जायचं आणि कसं, एवढाच होता. आजही माझ्या वयाच्या बायका हळदीकुंकवाला भेटल्या की विचारतात, "तुम्ही त्या साथीत गाडीतून हिंडलात म्हणे? भीती नाही वाटली?" वाटली. म्हणूनच तर हिशेब केला.

कॅराव्हॅन हा प्रकार आमच्या पेडणे तालुक्याला नवा नाही. काही वर्षं मी हरमलच्या शाळेत होते. समुद्राकडच्या माडांच्या बागांत थंडीत युरोपातून रस्त्याने आलेल्या गाड्या उभ्या असायच्या. साठ-सत्तरच्या दशकांत इस्तंबूल, काबूल करत येणारी ती तरुण पोरं आता म्हातारी झाली होती, पण गाडीत राहायची सवय गेली नव्हती. एक जोडपं मला चांगलं आठवतं. दोघंही सत्तरीपुढचे, गाडीच्या दारात तुळशीची कुंडी. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा गोव्यात सुरुवातीचे दोन-तीन दिवस किराणा दुकानंही बंद होती. आम्हा गाववाल्यांना शेजारच्या परसातली भाजी मिळाली. गाडीतल्यांना परस कुठलं? पुढे दाबोळीहून खास विमानांनी पुष्कळ परदेशी लोक मायदेशी गेले. गाडीवाल्यांची मात्र पंचाईत झाली. माणूस विमानात बसतो, गाडी बसत नाही.

अशी पंचाईत इतर देशांतही झाली. ऑस्ट्रेलियात नोकरीतून निवृत्त झाल्यावर घर विकून कॅराव्हॅन घेऊन वर्षानुवर्षं देशभर फिरणारे वृद्ध पुष्कळ आहेत. 'ग्रे नोमॅड' म्हणतात त्यांना, पांढऱ्या केसांचे भटके. २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये तिथल्या अनेक राज्यांनी आपापल्या सीमा बंद केल्या, कॅराव्हॅनचे बरेच तळही बंद झाले. "घरी राहा" हा आदेश ज्यांचं घरच चाकांवर आहे त्यांनी पाळायचा कसा? आपल्याकडे गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला आणि दोडामार्गला तेच दृश्य होतं, फक्त गाड्या साध्या होत्या. पलीकडच्या सिंधुदुर्गात आमची अर्धी सोयरीक. सातार्ड्याची नणंद त्या वर्षी आम्हाला फक्त फोनवर भेटली.

गोव्याने २ जुलै २०२०ला देशातल्या पर्यटकांसाठी दार किलकिलं केलं. अट अशी की खोली आधीच आरक्षित हवी, तीही मान्यता असलेल्या हॉटेलात, आणि अठ्ठेचाळीस तासांतला चाचणीचा दाखला हवा, नाहीतर इथे येऊन चाचणी. म्हणजे जो माणूस हॉटेलच नको म्हणून गाडीत झोपणार, त्याला त्या नियमात जागाच नव्हती. १ सप्टेंबरपासून सीमा पूर्ण उघडल्या तेव्हा कुठे भाच्याच्या डोक्यात ही गाडी आली.

आता त्या चारशे घनफुटांकडे येते. कॅराव्हॅनची बाजू घेणारे सांगतात ते खोटं नाही. हॉटेलची लिफ्ट नाही, जेवणाचा हॉल नाही, परक्याची उशी नाही, सार्वजनिक संडास नाही. आपलं अंथरूण, आपलं ताट. आमच्या वयाला तर संडास हा प्रवासातला मुख्य मुद्दा. ह्यांना रात्री तीनदा उठावं लागतं. पण हा विषाणू हवेतून पसरतो, बंद जागेत साचून राहतो. मोठ्या खोलीत बाधित माणूस खोकला तर तो विरायला जागा असते, गाडीत नसते. दोघंच एका घरातले असू तर काही बिघडत नाही, घरी तरी एकाच खोलीत झोपतो. तिसरा माणूस आत आला की गणित फिरतं.

आणि आपल्याकडे तिसरा माणूस असतोच. तो म्हणजे ड्रायव्हर. इंग्लंडमध्ये ४ जुलै २०२०ला कॅराव्हॅनचे तळ उघडले तेव्हा नवरा-बायको स्वतः गाडी चालवत गेले. आपल्याकडे अशी गाडी भाड्याने घ्यायची म्हणजे बहुतेक वेळा ड्रायव्हरसकट. त्याचा बिचाऱ्याचा विचार कोणी करत नाही. तो झोपणार कुठे, जेवणार कुठल्या धाब्यावर, कालपर्यंत कोणाला घेऊन हिंडत होता? भाच्याचा ड्रायव्हर गुणी पोरगा, पण पाच जणांत एक खोली घेऊन राहणारा. भाच्याने पुढे-मागे प्लॅस्टिकचा पारदर्शक पडदा लावला होता. पहिल्या दिवशी डिचोली ते मये एवढंच गेलो. पडदा वाऱ्याने इतका फडफडला की अर्ध्या वाटेत त्याची खालची पट्टी सुटली, आणि पुढचा सगळा रस्ता मी ती हाताने धरून बसले. सुरक्षित अंतर म्हणजे हे असेल तर मी घरचीच बरी, असं तेव्हा वाटलं.

मग हे म्हणाले, मी चालवतो. इथे आमचं खरं भांडण झालं. एकाहत्तराव्या वर्षी लायसन्स चालू होतं. पंचावन्नच्या पुढे ते पाच-पाच वर्षांनी, डॉक्टरांचा दाखला जोडून नूतनीकरण करून मिळतं, ते ह्यांनी वेळेवर केलं होतं. पण एका डोळ्यात मोतीबिंदू पिकायला लागलेला. रात्री समोरच्या गाडीचा दिवा त्यांना फुटलेला दिसतो. त्यात पेडण्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचं चौपदरीकरण चाललेलं, धारगळपासून पत्रादेवीपर्यंत रोज नवं वळण. तडजोड झाली ती अशी: सकाळी आठ ते अकरा एवढ्याच वेळात गाडी हलणार. त्यानंतर जिथे असू तिथे.

आणि माझी एक अट. मी जिल्ह्याच्या नकाशावर म्हापशाला कंपासचं टोक रोवलं आणि एक वर्तुळ काढलं. रात्री दोन वाजता ह्यांना धाप लागली तर तासाभराच्या आत मोठ्या दवाखान्याच्या दारात पोचायला हवं, आपल्या डॉक्टरांचा फोन लागायला हवा आणि मध्ये कुठलीही सीमा नको. वर्तुळाबाहेर मुक्काम नाही. ह्यांना हे फारच मास्तरणीचं वाटलं. "सुट्टीला चाललोय की परीक्षेला?" म्हणाले. पण ऑक्सिमीटर त्यांनीच विकत आणला. बोट घालून रोज सकाळी आकडा लिहायचा, चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर परत फिरायचं. या आजारात ऑक्सिजन उतरला तरी माणसाला कधीकधी काहीच जाणवत नाही, हसत-बोलत असतो, म्हणून नुसत्या "बरं वाटतंय"वर विश्वास नाही ठेवायचा.

त्या थंडीत आम्ही पाच वेळा बाहेर पडलो आणि एकदाही कोरगावपासून फार लांब गेलो नाही. सांगायला लाज वाटते, पण हरवळ्याचा धबधबा मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितला, तोही थंडीत, पाण्याची धार बारीक झालेली असताना. केरीच्या किनाऱ्याजवळ एक दिवस थांबलो. समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला गोव्यात २०१९पासून बंदी आहे, तेव्हा दोन हजारांचा दंड होता, म्हणून गाडीतच दार सताड उघडं टाकून पेज आणि सुकटीची कोशिंबीर केली. सुकट भाजल्याचा वास त्या चारशे घनफुटांतून पुढचे चार दिवस गेला नाही. त्यावरून हवा किती खेळते हे मला कुठल्याही तज्ज्ञापेक्षा नीट कळलं. भाच्याला सांगितलं, एसी राहू दे, समोरासमोरच्या दोन खिडक्यांना जाळ्या लावून दे. एसी तीच हवा फिरवतो, समोरासमोरच्या खिडक्या ती बाहेर काढतात.

सगळ्यांत चांगला मुक्काम मयेचा. तिथे ह्यांच्या चुलत बहिणीचं कुळागर आहे. गाडी सुपारीच्या झाडांखाली लावली, घरात पाऊल टाकलं नाही. वन्सं व्हरांड्यात, आम्ही गाडीच्या पायरीवर, मध्ये दहा-बारा पावलं. त्यांची सासू नव्वदीपुढची, ऐकू कमी. तिला आम्ही आत का येत नाही हे काही केल्या कळेना. शेवटी ती म्हणाली, "भांडण झालंय का रे तुमचं?" मग वन्संनी तिला कानात ओरडून साथीचं सांगितलं. म्हातारी विचारात पडली आणि म्हणाली, तिच्या लहानपणी देवीची साथ यायची तेव्हा लोक घरं सोडून रानात झोपड्या घालून राहायचे, मग तुम्ही झोपडीला चाकं लावलीत एवढंच. रात्री पाटाचं पाणी वाजत होतं. ह्यांना गेल्या आठ महिन्यांत पहिल्यांदा सहा तास सलग झोप लागली. मी मात्र खिडकीतून येणाऱ्या डासांशी झगडत होते.

सुट्या संडासाबद्दल एकच सांगते. तो रिकामा कुठे करायचा हे आधी ठरवल्याशिवाय निघू नये. परदेशात तळांवर त्याची सोय असते. आपल्याकडे केंद्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण २०१०मध्ये केलं, महाराष्ट्राने २०२१मध्ये केलं, त्याच वर्षी केरळने आपलं जाहीर केलं. मैला ओतायची जागा मात्र आम्हाला आमच्या घरच्या सेप्टिक टाकीशिवाय कुठे सापडली नाही. वर्तुळ लहान ठेवण्याचं तेही एक कारण.

मार्च २०२१मध्ये साठीपुढच्यांना लस सुरू झाली. पहिली मात्रा घेतल्यावर ह्यांना पंख फुटले. पाडवा झाला की नरसोबाच्या वाडीला जायचं, आंबोली चढून आजरा, गडहिंग्लज करत. भाच्याने टायर बदलून दिले. वाडीला मलाही जायचं होतं, पण ती वर्तुळाच्या कितीतरी बाहेर. दुसरी मात्रा बाकी, महाराष्ट्रातले रुग्णांचे आकडे रोज वर. पाडव्याच्या रात्री श्रीखंडाचं पातेलं मध्ये ठेवून तासभर वाद घातला. ह्यांचं म्हणणं, या वयात पुढच्या वर्षीची खात्री कोणी द्यायची? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी एवढंच विचारलं, आजऱ्याला रात्री ताप भरला तर? ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग चाव्या खुंटीला लावल्या. दुसऱ्या दिवसापासून महाराष्ट्रात निर्बंध लागले, पुढच्या आठवड्यात जिल्ह्याबाहेर जायला ई-पास. १० मेपासून गोव्यात यायलाही उच्च न्यायालयाच्या आदेशाने चाचणीचा दाखला लागू लागला. गेलो असतो तर परतीच्या वाटेवर कुठे अडकलो असतो कोण जाणे.

आणि तरीही आजार आलाच. गाडीतून नाही, घरी. मे महिन्यात मुलगा पणजीहून रविवारचा बाजार घेऊन आला, दुपारी एकत्र जेवलो, पंख्याखाली गप्पा मारल्या. बुधवारी त्याचा फोन आला, शनिवारी ह्यांना ताप. सोमवारी पहाटे ऑक्सिमीटर ब्याण्णव. पाऊण तासात आम्ही दवाखान्याच्या दारात होतो. त्या दिवसांत गोव्यात खाटेसाठी आणि ऑक्सिजनसाठी जी धावाधाव चालली होती ती ज्यांनी बघितली त्यांना पुढचं सांगायला नको. ह्यांना खाट मिळाली. नऊ दिवसांनी घरी आले ते सात किलो हलके होऊन.

पुढच्या थंडीत पर्यटक परतले तसे भाच्याने गाडीत पुन्हा बारा आसनं बसवली. त्याला दोष नाही, त्याच्यावर कर्ज होतं. पलंगाच्या फळ्या त्याने आम्हाला आणून दिल्या. त्या मागच्या अंगणात दोन दगडांवर टाकल्यात. सध्या त्यांच्यावर भिरंडाची सोलं वाळत घातली आहेत, आणि कावळे हाकलायला हे शेजारी खुर्ची टाकून बसलेत.