शाळेची स्कीइंग सहल : धोका कुठे असतो आणि कुठे नसतो

गड-किल्ले, कोकणातले समुद्रकिनारे, फार तर राजस्थान किंवा दिल्ली-आग्रा, ही शाळेच्या सहलींची जुनी यादी. आता काही शाळांच्या परिपत्रकांत मनाली, गुलमर्ग, औली ही नावे दिसतात आणि पुढे ‘स्कीइंगसह’ असे लिहिलेले असते. मग पालकसभेत प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. पोर थंडीने आजारी पडेल का? कड्यावरून घसरले तर? हिमस्खलन झाले तर? प्रश्न काळजीपोटीच येतात. पण मुलांना खरा त्रास जिथून होतो, ते बुटाचे माप, दुपारचा थकवा, सहलीची तारीख यांबद्दल सहसा कुणी विचारत नाही. म्हणून या सहलींबद्दलचे गैरसमज नीट तपासून पाहायला हवेत.

‘मनालीला गेलो होतो, तेव्हा स्कीइंग केलं’

सर्वांत मोठा घोळ इथे आहे. मनालीहून सोलंगकडे जाताना रस्त्याच्या कडेला क्रमांक घातलेली दुकाने लागतात. तिथे जाडजूड कोट आणि रबरी गमबूट भाड्याने मिळतात. पर्यटक ते चढवतो, सोलंगच्या उतारावर एक जण त्याच्या पायांत स्की अडकवतो, हात धरून पन्नासेक पावले ओढत नेतो, फोटो काढतो. अर्ध्या तासात कार्यक्रम संपतो. यात मजा आहे, नाही असे नाही. पण याला स्कीइंग म्हणू नये. पाण्यात पाय बुडवून आलेल्या मुलाला आपण पोहता येते म्हणत नाही.

शिकण्याची रीत वेगळी आहे. पहिल्या दिवशी लिफ्टचे नावही काढत नाहीत. सपाट बर्फावर एकाच पायात स्की घालून चालायचे, मग दोन्ही पायांत. आडवे उभे राहून पायरी-पायरीने उतार चढायचा. कुशीवर पडायचे आणि पडल्यावर स्की उताराला आडव्या करून उठायचे. मग स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची टाचेकडची टोके दूर असा कोन करून वेग आवरायचा. हा कोन जमला की मूल स्वतःहून थांबू शकते, आणि थांबता आल्याशिवाय त्याला वरच्या उतारावर नेण्यात अर्थ नाही. साधारण मुलाला भरवशाने थांबायला आणि दोन्ही बाजूंना वळायला तीन-चार दिवस लागतात. म्हणून गुलमर्गची केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग व गिर्यारोहण संस्था, मनालीची अटल बिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था किंवा औलीतले गढवाल मंडल विकास निगम यांचे अभ्यासक्रम आठवडा-दोन आठवड्यांचे असतात. सात दिवसांच्या सहलीत सिमला, मनाली, मंदिरे, खरेदी आणि एक दिवस ‘स्कीइंग’ असा बेत असेल, तर ती साधी पर्यटन सहल आहे. त्या एका शब्दासाठी शाळेने जादा पैसे घेऊ नयेत आणि पालकांनी देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘थंडीने आजारी पडेल’

सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते. कोंदट बसमध्ये आणि एका खोलीत सहा जण झोपल्याने ते पसरते. उघड्या उतारावर त्याची भीती उलट कमी. गुलमर्गला जानेवारी-फेब्रुवारीत दिवसाचे तापमान शून्याच्या आसपास असते, रात्री ते बरेच खाली जाते. पण स्कीइंग करणारे मूल गारठत नाही, घामाघूम होते. तिथेच खरी अडचण सुरू होते. आई प्रेमाने आत सुती बनियन घालते, त्यावर दोन स्वेटर आणि पायांत मोज्यांचे दोन-दोन जोड. सुती कापड घाम शोषून ओले राहते आणि मूल रांगेत दहा मिनिटे उभे राहिले की तोच ओलावा अंगातली ऊब ओढून घेतो. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, मधे लोकर किंवा फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारे जाकीट, एवढे पुरते. हातमोजे मात्र पाणी न शिरणारे हवेत आणि त्यांचा एक जादा जोड हवा, कारण पहिल्या दिवशी मुले बर्फात हात टेकूनच उठतात.

मोज्यांचे दोन जोड तर हमखास घात करतात. स्कीचा बूट कडक प्लॅस्टिकचा असतो. आत घडी पडली की पाय दुखतो, रक्त नीट खेळत नाही आणि बोटे गार पडतात. एकच लांब, गुडघ्याखालपर्यंत येणारा मोजा घालायचा आणि थर्मलची पायघोळ कड बुटात कोंबायची नाही. बूट योग्य आहे की नाही हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. टाच मागे घट्ट ठोकून बकल लावावे. ताठ उभे राहिल्यावर बोटांची टोके पुढे हलकी टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवून पुढे झुकल्यावर ती किंचित मागे सरली पाहिजेत. टाच आत उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. ‘वाढत्या पायाला थोडा मोठा बरा’ हा आपला शाळेच्या बुटांचा हिशेब इथे चालत नाही, कारण सैल बुटात स्कीवर ताबाच राहत नाही.

मफलरही घरी ठेवावा. दोरीला धरून वर ओढणाऱ्या लिफ्टमध्ये लोंबते टोक अडकू शकते. गळ्याभोवती बसणारी लोकरी पट्टी मिळते, ती चांगली.

‘बर्फ मऊ असतो, पडलं तरी लागत नाही’ आणि याच्या अगदी उलट

काही पालक बिनधास्त असतात, काही अतिशय घाबरतात. दोघांनाही हेच सांगावे लागते की स्कीइंगमध्ये सर्वाधिक दुखावतो तो गुडघा. पडताना स्की बर्फात अडकते, शरीर एकीकडे आणि पाय दुसरीकडे वळतो. त्यासाठीच बूट आणि स्की यांना जोडणारे बाइंडिंग असते. ठरावीक जोराचा झटका बसला की ते सुटते आणि पाय मोकळा होतो. हा जोर किती असावा, हे मुलाचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि त्याचे कौशल्य पाहून स्क्रूने ठरवतात. फार आवळले तर पडल्यावर सुटत नाही, फार ढिले ठेवले तर चालत्या वळणावर सुटते. भाड्याच्या साहित्यात हे हमखास राहून जाते, कारण रांग मोठी असते आणि आठवी-नववीतली मुले मित्रांसमोर खरे वजन सांगत नाहीत. शिक्षकांनी प्रत्येकाचे वजन आणि उंची लिहिलेली यादी मुंबई-पुण्याहून निघतानाच सोबत घ्यावी आणि दुकानदाराच्या हातात द्यावी. दहा मिनिटांच्या या कामाने जेवढे गुडघे वाचतील, तेवढे कुठल्याही सूचनापत्राने वाचणार नाहीत.

हेल्मेट हवेच. इटलीत २००५पासून मुलांना ते कायद्याने सक्तीचे आहे. आपल्याकडे सक्ती नसेल तर शाळेने करावी. हातात काठ्या असतील तर त्यांच्या पट्ट्याकडेही लक्ष द्यावे. पडताना काठी मुठीत राहिली की अंगठ्याचा सांधा दुखावतो.

दुपारी पाय थकलेले असतात, ऊन उतरल्यावर सकाळचा भुसभुशीत बर्फ कडक व्हायला लागतो, आणि तेव्हाच मुले म्हणतात, ‘सर, एकदाच, शेवटचं!’ त्या वेळी नाही म्हणणारा शिक्षक हवा. दमल्यावरची ती एक फेरी टाळणे हा सुरक्षिततेचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

‘हिमस्खलन होईल’

ही भीती खोटी नाही, तिची जागा चुकली आहे. गुलमर्गला फेब्रुवारी २०२३मध्ये अफरवट डोंगराच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू आणि फेब्रुवारी २०२४मध्ये खिलनमर्ग भागात एक रशियन स्कीपटू हिमस्खलनात दगावले. या दुर्घटना आखलेल्या मार्गांबाहेरच्या, वरच्या डोंगरावरच्या होत्या. नवशिकी मुले जिथे शिकतात, ती गुलमर्गच्या वाटीतली मंद, उघडी, सपाटीला भिडणारी कुरणे. तिथे हा धोका अगदी कमी असतो. अर्थ एवढाच की आखलेली हद्द मुलांना पहिल्या सकाळी प्रत्यक्ष चालवून दाखवावी, आणि तिच्या पलीकडे कुणी, अगदी उत्साही शिक्षकानेही, जाऊ नये.

त्या हद्दीत मोठा धोका असतो एकमेकांवर आदळण्याचा. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने त्यासाठी दहा नियम घालून दिले आहेत. त्यातला मुलांनी पाठच करावा असा नियम सोपा आहे : वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळायचे. खालच्याला मागे डोळे नसतात. आणि वाटेच्या मधोमध, चढावाआड बसून फोटो काढायचा नाही.

‘कापूर हुंगला की विरळ हवेचा त्रास होत नाही’

रोहतांगला किंवा लडाखला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या खिशात कापराची पुडी असतेच. कापराने नाकाला गार वाटते, श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. शिवाय कापूर पोटात गेला तर मुलांना विषबाधा होते. तेव्हा पुडी घरीच बरी.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. उंचीचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होऊ शकतो, त्यामुळे मुंबईहून विमानाने श्रीनगर आणि त्याच संध्याकाळी गुलमर्ग गाठल्यावर एखाद्या मुलाचे डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे शक्य आहे. कबड्डीचा कप्तान असला तरी होते, चष्मेवाल्या बारक्या मुलाला होत नाही. याचा ताकदीशी संबंध नाही. असे मूल बरे होईपर्यंत आणखी वर न्यायचे नाही, त्रास वाढला तर खाली उतरवायचे. गुलमर्गच्या गोंडोला रोपवेचा दुसरा टप्पा अफरवटला ३,९०० मीटरच्या वर नेतो. पहिल्या-दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग तिथे नेण्याचा मोह शाळांनी आवरावा.

उंचीवरच्या कोरड्या हवेत पाणी भरपूर प्यावे लागते. मुली पीत नाहीत, कारण उतारावर स्वच्छतागृह जवळ नसते. हे त्या कुणाला सांगतही नाहीत. सोबतच्या शिक्षिकेने दर दीड-दोन तासांनी त्यांना हॉटेलवर नेऊन आणण्याची वेळ ठरवूनच टाकावी.

‘थंडीत ऊन कसलं लागतंय!’

लागते, आणि इथल्यापेक्षा जास्त. दर हजार मीटरला अतिनील किरणे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो. म्हणून हनुवटीखाली, नाकपुड्यांखालीही चेहरा भाजतो. डोळ्यांचे तर विशेष जपावे. दिवसा काही कळत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. ढगाळ दिवशीही गॉगल काढू देऊ नये.

‘हा आपला खेळ नव्हे’

फ्रान्समध्ये १९५३ साली पॅरिसजवळच्या व्हान्व्ह गावातल्या प्राथमिक शाळेचा एक वर्ग सव्हॉयमधल्या ला फेक्लाझला नेला गेला. पुढे देशभर पसरलेल्या ‘बर्फातल्या वर्गां’ची ती सुरुवात. मुलांचा अभ्यास तिथेही चालू होता, त्याच्या जोडीला डोंगरातली हवा आणि स्कीइंग होते. तो प्रयोग शहरातल्या साध्या मुलांच्या आरोग्यासाठी होता, श्रीमंतांच्या चैनीसाठी नव्हता. आपल्याकडे आरिफ खान गुलमर्गच्या उतारांवर शिकला आणि २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये जायंट स्लॅलममध्ये ४५वा आला. तो डोंगरातला म्हणून सोडून द्यावे, तर भवानी थेक्कडा नंजुंदा कोडगूची, कॉफीच्या मळ्यांच्या मुलखातली. ती क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये भारतातर्फे उतरते. बर्फ न पाहिलेले मूल उशिरा सुरुवात करते, एवढाच फरक.

‘नाताळच्या सुट्टीत जाऊन येऊ’

सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज हा. डिसेंबर म्हणजे बर्फ, असे आपण धरून चालतो. काश्मिरात कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, ‘चिल्लई कलां’, सुरूच होतात २१ डिसेंबरला आणि संपतात ३० जानेवारीला. थंडी पडली म्हणजे बर्फ पडलाच असेही नाही. बर्फ पश्चिमी विक्षोभांबरोबर येतो, आणि ते येतील तेव्हा येतात. जानेवारी २०२४मध्ये बराच काळ गुलमर्गची कुरणे उघडी, करडी पडली होती. २०२५मध्ये तिथेच फेब्रुवारीअखेर ठरलेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलून ९ ते १२ मार्चला घ्याव्या लागल्या. औलीत अडचण वेगळी : जोशीमठची जमीन जानेवारी २०२३मध्ये खचू लागल्यावर तिथला रोपवे बंद करावा लागला.

भरवसा धरायचाच तर जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा धरावा. नेमके तेव्हा आपल्याकडे स्नेहसंमेलने संपून परीक्षांचे वारे वाहत असतात, आणि म्हणून शाळा डिसेंबर निवडतात. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे : दहावीचा वर्ग वगळा, सातवी-आठवीची मुले घ्या, आणि फेब्रुवारीचा पहिला आठवडा ठरवा. एकाच ठिकाणी किमान पाच दिवस राहा. बर्फ पडला नाही तर पैसे परत किंवा तारीख पुढे, हे सहल कंपनीकडून लेखी घ्या. विम्यात साहसी खेळ वगळलेले नाहीत ना, हे पैसे भरण्याआधी वाचा. आणि पालकहो, पुढच्या सभेत ‘थंडी किती असेल’ याआधी ‘एका प्रशिक्षकामागे मुले किती’ हे विचारा. आठ-दहाच्या वर आकडा आला, तर त्या सहलीला मुलाला पाठवू नका.