पाठीवरचा दिवा

रात्रीच्या स्कूबा डायव्हिंगला हातात टॉर्च असतोच. मग पाठीवरच्या सिलिंडरला आणखी एक छोटा दिवा कशाला? टॉर्चचा झोत जातो पुढे. मागून येणाऱ्या जोडीदाराला आपण म्हणजे निव्वळ काळोख! हा मार्कर लाइट आपल्याला दिसावं म्हणून नसतो, आपण दिसावं म्हणून असतो.

दिवा निवडताना मी आधी रंग बघतो. गाडीच्या मागे लाल दिवा ठीक, पण पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच गिळून टाकतं. हिरवा किंवा निळा घ्या. लुकलुकणारा नको, अनेक जण ती संकटाची खूण समजतात, आणि शेजाऱ्याचं डोकं उठतं ते वेगळंच.

केमिकलची लाइट स्टिक स्वस्त पडते. वाकवली की आतली काचेची कुपी फुटते, रसायनं मिसळतात आणि उजेड सुरू. बॅटरी नाही, पाणी शिरायची भीती नाही. पण गार पाण्यात ती मंदावते (कारण केमिकलवाल्यांना विचारा!), बंद करता येत नाही आणि एका रात्रीनंतर प्लास्टिकचा कचरा.

म्हणून माझं मत एलईडीला. मात्र खोक्यावरच्या ‘वॉटरप्रूफ’ला भुलू नका. आयपीएक्स-७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, बस्स! ३० मीटर खोलीवर दाब वरच्या हवेच्या चौपट असतो. तेव्हा किती मीटरपर्यंत चालेल ते स्पष्ट लिहिलेलाच दिवा घ्या. आणि बॅटरी बदलली की ओ-रिंग पुसून नीट बघा. तिच्यावर एखादा केस अडकला तरी पाणी आत शिरू शकतं.