पाऊल उचलणाऱ्या बलांचे गणित

रणांगणावर पाय गमावलेल्या जवानांना पुन्हा चालते करण्याचे कार्य पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून करीत आले आहे. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र. त्यामुळे असा जवान आपल्या परिसराला परका नाही. गुडघ्याखालचा पाय गेला म्हणजे केवळ हाड जात नाही, शरीराला पुढे लोटणारी पोटरीची ओढही जाते. तिचा भार मग मुख्यतः नितंबाच्या स्नायूंवर येतो. तो किती, हे समजले तर व्यायामाची आणि कृत्रिम पावलाच्या घडणीची दिशा ठरविता येते.

परंतु जिवंत स्नायूची ओढ तराजूत घालता येत नाही. त्वचेवरून टिपलेल्या विद्युत्-संकेतांवरून स्नायू केव्हा कार्यरत झाला ते कळते. त्याने किती बल लावले ते खात्रीने कळत नाही. म्हणून गणिताचा आश्रय घ्यावा लागतो.

चालणाऱ्याच्या अंगावर खुणा लावून कॅमेऱ्यांनी हालचाल टिपतात आणि जमिनीत बसविलेल्या बलमापक फळीने पावलाखालचे बल मोजतात. त्यांवरून न्यूटनच्या नियमांनी प्रत्येक सांध्याभोवतीचे आघूर्ण, म्हणजे बलाचा फिरविणारा परिणाम, काढता येतो. समजा, ६० किलो वजनाची व्यक्ती एका पायाच्या चवड्यावर तोलून उभी आहे. चवडा घोट्याच्या १२ सेंमी पुढे आणि पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा ५ सेंमी मागे असेल, तर तरफेच्या नियमानुसार कंडरेला १४४ किलो वजनाइतकी ओढ द्यावी लागते.

खरी अडचण पुढेच आहे. ही ओढ अनेक स्नायू वाटून घेतात. रथाचा दोर दहाजण ओढत असताना एकूण ओढ मोजता येते. प्रत्येकाचा वाटा मात्र त्यावरून कळत नाही. समीकरणे थोडी आणि अज्ञाते अधिक, अशी ही स्थिती होय. तेथे एक गृहीतक स्वीकारतात: शरीर कमीत कमी श्रमात काम साधते. संगणक असंख्य वाटण्या पडताळून त्यांतील सर्वांत काटकसरीची निवडतो. २००१ मध्ये अँडरसन आणि पँडी या संशोधकांनी ५४ स्नायूंच्या संगणकीय प्रतिमानाला याच तत्त्वावर चालविले, तेव्हा त्याची चाल माणसाच्या चालीशी पुष्कळ जुळली.

अशी उत्तरे पारखावी कशी? बर्लिनमधील संशोधकांनी रुग्णांच्या कृत्रिम खुब्यातच बलमापक बसविले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजणीत चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार आढळला. या भाराचा मोठा भाग स्नायूंच्या ओढीचाच असल्याने प्रतिमानाचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहता येते.

तथापि, पाय गमावलेला मनुष्य काटकसरीनेच चालेल असे नाही. वेदना टाळण्यासाठी किंवा तोल जाऊ नये म्हणून तो अधिक श्रमही पत्करतो. निरोगी माणसाचे गृहीतक त्याला जसेच्या तसे लावल्यास संगणक बिनचूक आकडेमोड करूनही चुकीचे उत्तर देईल. म्हणून हाती आलेल्या आकड्याइतकेच त्यामागील गृहीतकही तपासले पाहिजे, आणि चालणाऱ्याला काय जाणवते ते प्रथम त्यालाच विचारले पाहिजे.