पिसांची ओळख – ६ : पारव्याच्या पंखातलं पीस

मागच्या भागात गावकावळ्याचं पीस पाहिलं. या वेळचं पीस शोधायला लांब जावं लागत नाही. जिन्याचा कोपरा, एसीच्या मागची फट, रेल्वे स्टेशनचा पत्रा... शहरात पडलेलं राखाडी पीस बहुतेक वेळा पारव्याचंच निघतं. मात्र नुसत्या रंगावर विसंबणाऱ्याची फसगत होते.

याला कारण माणूस. हजारो वर्षं माणसानं कबुतरं पाळली, त्यांच्या नाना जाती तयार केल्या. डार्विननं स्वतः कबुतरं पाळली होती आणि १८५९ साली आलेल्या त्याच्या ग्रंथात या जातींची चर्चा सुरुवातीलाच येते. पाळलेल्यांपैकी कितीतरी सुटली आणि शहरातल्या थव्यांत मिसळली. म्हणून एकाच थव्यात निळसर राखाडी, ठिपकेदार, काळे, विटकरी आणि पांढरेही पक्षी दिसतात. रंग बदलतो, पिसाची घडण बदलत नाही. ओळख तिच्यावरूनच पटवावी.

पंखाच्या टोकाकडे उड्डाणाची १० मोठी पिसं असतात. यातलं बाहेरचं एखादं हातात घेतलं की पहिली नजर दांडीवर जावी. दांडी मधोमध नसतेच. तिच्या एका बाजूचं पातं अगदी अरुंद आणि ताठ असतं, दुसरीकडचं रुंद आणि मऊ. अरुंद बाजू उडताना वारा कापते. लांबी वीतभराहून थोडी कमी, टोक निमुळतं, रंग टोकाकडे गडद होत गेलेला. अंगाकडच्या पिसांची तऱ्हा वेगळी: ती आखूड, टोकाला बोथट, आणि राखाडी पक्ष्यात त्यांच्या टोकाकडे काळा पट्टा. मिटलेल्या पंखावर ज्या दोन काळ्या रेघा दिसतात, त्यांतली मागची या पट्ट्यांची बनते. शेपटीच्या पिसालाही गडद पट्टा असतोच, पण तिथे पट्ट्याच्या पुढे फिकट किनार उरते. नवख्याचा घोळ होतो तो इथेच.

पीस कोणत्या पंखातलं, हेही घरबसल्या कळतं. दांडीवर बारीक खाच असते ती बाजू खाली ठेवावी, टोक स्वतःकडे करावं. अरुंद पातं डावीकडे आलं तर डावा पंख, उजवीकडे आलं तर उजवा.

होल्याचं पीस याहून लहान आणि तपकिरी झाकेचं असतं. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल याच कुळातला, पण त्याच्या पंखातल्या काळपट पिसांना पिवळी किनार असते.

ही १० पिसं एकदम गळत नाहीत. गळती आतल्या पिसापासून सुरू होते आणि बाहेर सरकत जाते. दोन्ही पंखांत ती साधारण बरोबरीनं चालते, म्हणून पक्ष्याचा तोल जात नाही. सगळं चक्र पुरं व्हायला काही महिने लागतात. शर्यतीची कबुतरं पाळणारे पंख पसरून आधी हेच बघतात.

काळ्या कापडावर पीस हलकेच झटकलं तर पिठासारखी पांढरी भुकटी पडते. पारव्याच्या अंगावर ही भुकटी सतत तयार होते. काचेवर आपटलेल्या कबुतराचा अख्खा ठसा उमटतो तो तिच्यामुळेच. हीच धूळ आणि वाळलेली विष्ठा रोज श्वासात गेली तर काहींच्या फुप्फुसांना गंभीर सूज येते. पीस हाताळल्यावर साबणानं हात धुवावेतच, आणि मुलांच्या हाती देण्याआधी हे सांगावं.

पिसाचा तुकडाच हाती आला तर? ४ ऑक्टोबर १९६० रोजी बोस्टनच्या विमानतळावरून उडालेलं विमान पक्ष्यांचा थवा इंजिनांत शिरल्यामुळे कोसळलं, ६२ जण गेले. स्मिथसोनियन संग्रहालयाच्या रॉक्सी लेबॉर्न यांनी पिसांच्या अवशेषांवरून ते पक्षी स्टार्लिंग, म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातले, असल्याचं ठरवलं. पुढे त्यांनी याचं शास्त्रच उभं केलं. पिसाच्या बुडाशी जो मऊ कापूस असतो, त्याचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरले की त्यांवर गाठी दिसतात आणि त्यांचा आकार पक्ष्यांच्या गटानुसार निराळा असतो. कबुतराच्या कुळात ही गाठ चार पाकळ्यांच्या फुलासारखी असते. विमानाच्या इंजिनातून निघालेल्या चिमूटभर कापसावरूनही मग कबुतर ओळखता येतं.

(पुढील भागात : घारीच्या शेपटीचं पीस)