मीना आणि तिचा मिठू

चित्रांचे पुस्तक लहान मुलाच्या हाती दिले म्हणजे ते प्रथम अक्षरांकडे पाहत नाही. चित्रातील पोपट, कोंबडी, आंबा यांकडे पाहते आणि पुढे काय झाले असे विचारते. तीच चित्रे पडद्यावर चालू-बोलू लागली म्हणजे मुलांना तहानभुकेचेही भान उरत नाही, हे आपल्या मेडशीतील पालकांस सांगावयास नको. परंतु चित्र चालते कसे, आणि ते चालविण्याचा खटाटोप कोणी कशासाठी केला, हे मुलांस ठाऊक असावे. मीना नावाच्या चित्रातील मुलीच्या कथा ही त्यासाठी चांगली उदाहरणे होत.

वास्तविक पडद्यावर एकही चित्र हलत नाही. एका सेकंदात चोवीस स्थिर चित्रे डोळ्यांपुढून जातात, आणि प्रत्येकात किंचित फरक असल्यामुळे आपणांस हालचालीचा भास होतो. ही युक्ती आपल्या दादासाहेब फाळक्यांनी फार पूर्वी हेरली होती. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखविण्यापूर्वी त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून रोपाची रोज थोडी थोडी छायाचित्रे घेतली, व ती सलग दाखवून अंकुर पाहता पाहता वाढविला. तेथे वाढ निसर्गाने केली. कार्टूनमध्ये ती चित्रकारास आपल्या हाताने करावी लागते. एकच चित्र दोनदा वापरण्याची काटकसर केली तरी सेकंदास बारा चित्रे हवीत. दहा मिनिटांच्या गोष्टीस किती लागतील? गणिताच्या तासाला आळस करणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य सोडवावे. उत्तर ७,२०० येते. संगणक येण्यापूर्वी घर, झाड, अंगण एकदाच रंगवीत, आणि माणसे पारदर्शक पत्र्यांवर निरनिराळी काढून त्यावर ठेवीत, म्हणूनच हे काम माणसांच्या हातून पुरे होई.

ही विद्या आपल्या देशात रुजविणाऱ्यांत राम मोहन यांचे नाव अग्रभागी आहे. १९३१ साली जन्मलेले हे चित्रकार १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये दाखल झाले. तेथे डिस्ने यांच्या कारखान्यातून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली त्यांनी धडे घेतले, आणि पुढे स्वतःची चित्रशाळा उघडली. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली; २०१९ मध्ये ते निवर्तले.

दक्षिण आशियातील राष्ट्रांनी १९९० हे वर्ष बालिकांचे म्हणून पाळले, व १९९१ ते २००० हे दशकही त्यांनाच अर्पण केले. अशी वर्षे येतात आणि जातात. पण या वेळी युनिसेफ या संस्थेने ठराव व भाषणे यांवर न थांबता एक मुलगी निर्माण करावयाचे ठरविले, आणि तिला रूप देण्याचे काम राम मोहन यांच्याकडे आले. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ या सर्वांनी जिला आपली म्हणावी अशी ती हवी होती. म्हणून चित्रे घेऊन गावोगावच्या लोकांस विचारण्यात आले : हिचे नाव काय असावे, वेष कसा असावा? अशा रीतीने मीना घडली. तिचा भाऊ राजू, धाकटी बहीण राणी आणि बडबड्या पोपट मिठू. तिचे गाव कोणत्या देशातले हे मुद्दामच सांगितलेले नाही.

एका कथेत मीनेला शाळेत जावयाचे आहे, पण मुलीला शिकून काय करावयाचे, असे घरच्यांचे मत. तेव्हा मिठू तिच्या वतीने शाळेत जाऊन बसतो आणि ऐकलेला धडा घरी येऊन तिला म्हणून दाखवितो. त्या शिक्षणाच्या बळावर मीना कोंबड्या मोजते, एक कमी असल्याचे तिच्या ध्यानी येते, आणि चोर सापडतो. कथा गमतीची खरी. तथापि मला आंब्याची कथा अधिक मोलाची वाटते. आंबा मीना झाडावर चढून काढते, आणि मोठा वाटा मात्र राजूला मिळतो, कारण तो मुलगा. मग दोघे एक दिवस कामांची अदलाबदल करतात. बहिणीची कामे करून राजू थकतो, ताटात मात्र बहिणीइतकेच थोडे पडते, आणि त्याच्या पोटालाच सारे उमजते. या कथेत चोर नाही, दुष्ट कोणी नाही. लेकरांवर माया करणारी साधी माणसेच अन्याय करीत असतात. म्हणूनच ती मनाला अधिक लागते.

आपल्याकडे सोयाबीनची सोंगणी लागली, किंवा कापसाची वेचणी सुरू झाली, की हजेरीपटावर मुलींच्या नावापुढे रिकाम्या जागा दिसू लागतात. आई शेतात गेली म्हणजे धाकट्यांस कोणी सांभाळावे, हा प्रश्न खोटा नाही, आणि गरिबाच्या घरी त्याचे उत्तर सोपेही नाही. परंतु ते उत्तर दर वेळी मुलीच्याच नावावर का निघते, एवढेच मीना विचारते. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, आणि महाराष्ट्रातील अनेक शाळांत 'मीना-राजू मंच'ही स्थापन झाले. पण कुणास पाणी आणावयास धाडावे आणि कुणास दप्तर द्यावे, हे घरातच ठरते.

या कथा पडद्याबरोबरच चित्रपुस्तकांतूनही काढण्यात आल्या, कारण त्या काळी पुष्कळ खेड्यांत दूरचित्रवाणी संच नव्हते. पुस्तकाचा एक गुण पडद्याला नाही. पडद्यावरचा आंबा क्षणात कापला जातो आणि गोष्ट पुढे धावते. पुस्तकातले पान मात्र मूल हवा तितका वेळ उघडे ठेवते, दोन फोडींवर बोट ठेवते, आणि ही लहान का, असे आईला विचारते.